पोटरीचे दुखणे आणि हाताचा रक्तदाब

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचा रक्तदाब शाळेतल्या आरोग्य तपासणीत १५०/९० भरला. उन्हाळ्यात त्याचा दोन-तीनदा घोळणा फुटला होता आणि खेळून आला की पोटऱ्या दुखतात म्हणायचा. आम्ही एक गोष्ट उन्हावर आणि दुसरी वाढत्या वयावर ढकलली. टू-डी इकोनंतर महाधमनी जन्मतःच अरुंद आहे, म्हणजे ‘कोआर्क्टेशन’ आहे, असे निदान झाले. शस्त्रक्रिया टाळून गोळ्यांवर भागणार नाही का? आणि केलीच, तर दुखणे कायमचे जाईल का?
– एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : गोळ्यांवर भागणार नाही. महाधमनी हृदयातून वर चढते, डोक्याकडे व हातांकडे फांद्या देते आणि कमानीसारखी खाली वळते. डाव्या हाताची फांदी सुटल्यावर लगेचच, गर्भावस्थेतली एक वाहिनी जिथे तिला मिळालेली असते त्या जागेजवळ, महाधमनी बहुधा आवळलेली असते. साहजिकच अडथळ्याच्या अलीकडे दाब चढतो आणि पलीकडे, पायांकडे, रक्त कमी पडते. तुमच्या मुलाचा घोळणा आणि पोटऱ्या यांचे मूळ बहुधा या एकाच जागी आहे. मूत्रपिंडेही अडथळ्याच्या खालीच असल्याने त्यांना रक्त अपुरे मिळते व ती दाब आणखी वाढवणारी द्रव्ये सोडतात. गोळ्यांनी वरचा दाब फार उतरवला, तर खालचा, आधीच तोकडा असलेला दाबही उतरतो. शस्त्रक्रियेपर्यंत गोळ्या लागतील, पण तेवढ्यापुरत्याच.

हे निदान खरे तर बोटांनी होते. मनगटाची व जांघेतली नाडी एकाच वेळी पाहिली, तर निरोगी मुलात दोन्ही बरोबर लागतात. या आजारात जांघेतली नाडी क्षीण असते, किंचित मागाहून लागते किंवा सापडतच नाही. पायाचा रक्तदाब एरवी हाताइतका किंवा थोडा जास्त असतो. येथे तो हातापेक्षा २० किंवा त्याहून अधिक अंकांनी कमी भरला, तर शंकेला जागा राहत नाही. पायाला मोठा पट्टा लागतो आणि तो हाताशी नसतो, एवढ्या क्षुल्लक कारणाने ही मोजणी राहून जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते. मोठ्या मुलांच्या एक्स-रेत फासळ्यांच्या खालच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसू शकतात, कारण अडलेले रक्त फासळ्यांलगतच्या धमन्यांतून वळसा घेते आणि त्या फुगून, नागमोडी होऊन हाडावर खाचा पाडतात. शस्त्रक्रियेपूर्वी सीटी किंवा एमआरआय अँजिओग्राफीने कमानीचा नकाशा घेतात. हृदयाची महाधमनीकडची झडप तीनऐवजी दोन पाकळ्यांची आहे का, हेही विचारून घ्या. जवळपास निम्म्या रुग्णांत ती तशी असते.

ही शस्त्रक्रिया प्रथम १९४४ साली स्टॉकहोममध्ये क्लॅरन्स क्राफूर्ड यांनी केली आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. डाव्या कुशीत दोन फासळ्यांमधून आत जाऊन, अरुंद भागाच्या वर-खाली चिमटे लावून तो कापून काढतात व दोन्ही टोके जोडतात. हृदय धडधडतच राहते. हृदय-फुप्फुस यंत्र सहसा लागत नाही. चिमटे लावलेल्या वेळात मज्जारज्जूला रक्त कमी पडून पायांतली शक्ती जाण्याचा धोका असतो, पण तो शंभरात एकापेक्षाही कमी. नंतरचे काही दिवस रक्तदाब उलट चढतो. त्याने घाबरू नये. फुग्याने अरुंद जागा रुंदावून तिथे स्टेंट, म्हणजे जाळीदार नळी, बसवण्याचा पर्यायही आहे. मूल साधारण २५ किलोच्या पुढे असेल आणि अरुंदपणा आखूड असेल, तर तो विचारात घेतात. मात्र मूल वाढते, स्टेंट आपोआप वाढत नाही, तो पुढे पुन्हा फुगवावा लागतो.

‘कायमचे’ हा शब्द मी वापरणार नाही. अडथळा जातो, परंतु काहींचा रक्तदाब चढाच राहतो, आणि शस्त्रक्रियेला जितका उशीर तितकी ही शक्यता वाढते. काहींत ती जागा पुन्हा आवळते. म्हणून तपासणी जन्मभर करावी लागेल, आणि दाब नेहमी उजव्या हातावर मोजून घ्यावा, कारण डावी फांदी अरुंद भागात सापडलेली असली तर तिचा आकडा फसवा येतो. भावंडांचाही एकदा इको करून घ्या. खर्चाची चिंता असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या दोन्हींची चौकशी शाळेच्या तपासणीचा कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात करावी.