इंधन महाग झालं की विमान कंपन्या वैमानिकांना कमी इंधनात उडायला लावतात का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नोकरीसाठी दर महिन्याला पुणे-दिल्ली करते, म्हणून काळजी वाटते. "लावतात" एवढंच लिहून मोकळा झालो असतो, पण मग तुम्ही तिला झेलमचं तिकीट काढून द्याल.

विमानाचा रिझर्व्ह चेतकसारखा नसतो. आपण पुणेकर स्कूटर रिझर्व्हला लागली तरी दोन दिवस काढायचो, मग बंद पडली की आडवी करून पंपापर्यंत न्यायचो. विमानात मुक्कामापर्यंतचं इंधन, त्यावर साधारण ५ टक्के, मुक्कामी उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि सगळ्यात खाली ३० मिनिटांचं. या शेवटच्या ३० मिनिटांना हात लागणार असं दिसलं की सरळ रेडिओवर 'मेडे फ्युएल' म्हणायचं, म्हणजे इंधनाचं संकट जाहीर करायचं. नियमाने ते कोणतीही कंपनी कापू शकत नाही. २०१६ मध्ये लामिया या बोलिव्हियाच्या कंपनीच्या विमानाने तो नियम धाब्यावर बसवला. वैमानिकच कंपनीत भागीदार होता. कोलंबियात मेडेयीनजवळ ७१ माणसं गेली.

कंपनीचा डोळा असतो तो याच्या वरच्या इंधनावर, म्हणजे कॅप्टन स्वतःच्या अंदाजाने जास्तीचं मागतो त्यावर. मी कॅप्टन होतो, माझं दुखणं तिथेच आहे.

जून २०२२, दुसरा पंधरवडा. दिल्लीत एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, किलोलिटरला १ लाख ४१ हजारांच्या वर. आमच्या ऑफिसात दर महिन्याला तक्ता लागायचा, कोणी किती जादा भरलं त्याचा. वरची पाच नावं लाल रंगात. मी कायम लाल. त्या संध्याकाळी पुण्याच्या हवामानात 'गडगडाटी पावसाची शक्यता' एवढंच होतं. मी प्लॅनवरचा आकडा पेनाने खोडला आणि ९०० किलो वाढवले. डिस्पॅचचा, म्हणजे उड्डाणाचा प्लॅन बनवणारा, मुलगा म्हणाला, "सर, परत लाल येणार." म्हटलं, येऊ दे.

लोहगावजवळ आलो तर वाघोलीच्या अंगाला ढग ठाण मांडून बसलेला. दिवस पावसाळ्याचे, पण पडत होता वळवासारखा. आमच्या पुढच्या विमानाने दोन चकरा मारल्या आणि मुंबईची वाट धरली. आम्ही फिरत राहिलो. असं घिरट्या घालताना ए३२० मिनिटाला चाळीसेक किलो पितं. को-पायलट नागपूरची मुलगी, गुडघ्यावरच्या कागदावर आकडे मांडत होती. "सर, अजून १२ मिनिटं." मग, "सर, ८." नंतर ती बोलायची थांबली, नुसती लिहायला लागली. अठराव्या मिनिटाला टॉवरने बोलावलं. उतरलो तेव्हा मुंबईपर्यंतचं आणि त्याखालचं अर्ध्या तासाचं, दोन्ही जसंच्या तसं टाकीत होतं.

दारात उभा होतो तर एक काका थांबले. "वर नुसतं गोल गोल काय फिरवत होतात? पेट्रोल काय फुकट आहे?"

पंधरा दिवसांनी ऑफिसचं पत्र आलं. मजकूर काकांचाच, फक्त इंग्रजीत.

आता हिशेब करा. जास्तीचं वजन वाहायला ताशी त्या वजनाच्या तीनेक टक्के इंधन जळतं. ९०० किलो, दोन तास, म्हणजे पन्नास-पंचावन्न किलो. लिटरमध्ये सत्तरच्या आत, त्या भावाने दहा हजारांच्या आत. पुढचं विमान मुंबईला गेलं, त्याचं लँडिंग, पार्किंग, परत इंधन, ड्युटी संपली तर दुसरा क्रू, १८० जणांचं खाणं. हे दहा हजारांत बसवून दाखवा. साहेब म्हणाले, "कॅप्टन, रोज पाऊस पडत नाही."

आणि हेच ऑफिस दुसऱ्या दिवशी मला टँकरिंग करायला लावायचं. महाराष्ट्रात तेव्हा एटीएफवर २५ टक्के व्हॅट होता (२०२३ च्या अर्थसंकल्पात पुणे, मुंबई, रायगडसाठी १८ झाला), काही राज्यांनी तो पाचाच्या आत आणलेला. मग तिकडून येताना परतीचं इंधनही भरून आणा. तीन-तीन टन! पैशाच्या हिशेबाने ते बरोबरही असायचं, मान्य. पण स्वस्तातले तीन टन चालतात आणि पावसासाठीचे ९०० किलो डोळ्यांत येतात, याचं उत्तर मला रिटायर होईपर्यंत मिळालं नाही.

खरी बचत दुसरीकडे होते. टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे जमिनीवरून जाताना-येताना, एकच इंजिन, उभं असताना एपीयू (शेपटीतलं वीज देणारं छोटं इंजिन) बंद करून जमिनीवरची वीज, थोडा कमी वेग, उतरताना इंजिन आयडलवर ठेवून सलग खाली येणं. एका इंजिनच्या टॅक्सीला मी सुरुवातीला फार विरोध केला होता. तो माझा हट्ट होता.

साहेबांचं एक म्हणणं अगदीच चूक नव्हतं, तेही लिहितो. आमच्यातले बरेच जण निरभ्र जानेवारीतही सवयीने पाचशे किलो टाकायचे, आणि ते जसंच्या तसं परत यायचं. त्यांना विचारायलाच हवं होतं. फक्त जानेवारीवाल्याला आणि जूनवाल्याला एकाच तक्त्यात बसवू नका, एवढंच मी तीन मीटिंगांत सांगत होतो. सगळीकडे असेच तक्ते लागतात असं नाही, आणि वरचे आकडे मी उडवायचो त्या विमानाचे, तेही ढोबळ.

मुलीला खुशाल जाऊ द्या. मे-जूनमध्ये शक्यतो सकाळची फ्लाइट घे म्हणावं, वळीव दुपारनंतर येतो.