रॅकचं राहू द्या, ते आठ हजार कशाचे?

प्रश्न : वय ४३, ठाण्यात राहतो, हातात पगार ९५,०००. वडिलांचा टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आणि शंभरेक एलपी रेकॉर्ड गावाहून आणल्या. त्यांच्यासाठी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर गेल्या वर्षी क्रेडिट कार्डावर घेतले. आता ऑडिओचा तयार रॅक ७८,००० ला मिळतोय, बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. सुतार १५,००० त करून देईल. दुकानदार म्हणतो, ही गुंतवणूक आहे, व्हिंटेज सिस्टिमची किंमत वाढतच जाते. कार्डावर १,६०,००० बाकी आहेत, पण दरमहा ८,००० न चुकता भरतो. ४ लाखांची एफडी आठवीतल्या मुलीच्या शिक्षणासाठी आहे, तिला हात लावायचा नाही. एफडी करताना बँकेने महिना १०,००० हप्त्याची गॅरंटीड विमा योजनाही दिली, तिचे कागद वीस दिवसांपूर्वी आले. कोणता रॅक घेऊ?

उत्तर : सुताराचा. आता कामाचं बोलू.

ते ८,००० म्हणजे हप्ता नाही, 'मिनिमम ड्यू' आहे, महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम. तेवढे भरले की लेट फी लागत नाही, बस्स. व्याज चालूच राहतं. तुमचा दर स्टेटमेंटवर बारीक अक्षरात सापडेल. मी महिना साडेतीन टक्के धरतो. १,६०,००० वर झाले ५,६००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ६,६००. तुमच्या ८,००० तून कर्ज फिटतं फक्त १,४०० चं. वर्षाचे पंचाहत्तरएक हजार नुसते व्याजात आणि त्यावरच्या जीएसटीत जातात. त्या दुकानातला रॅक जवळजवळ दरवर्षी विकत घेताय, फक्त तो घरी येत नाही. शिवाय जुनी बाकी असताना त्याच कार्डावर भरलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

आणि शेजारी ४ लाख साडेसहा टक्क्यांवर निवांत पडून आहेत! मुलीच्या नावाने ठेवलेत म्हणून त्यांना जास्त व्याज मिळत नाही. या आठवड्यात त्यातले १,६०,००० काढा आणि कार्ड पूर्ण फेडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड जाईल हजार-दोन हजार. त्याचं दुःख करू नका.

दुसरी घाई त्या योजनेची. कागद हातात पडल्यापासून ३० दिवस 'फ्री लूक' असतो, त्यात पॉलिसी परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. तुमच्याकडे दहा दिवस उरलेत. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, 'साहेब उद्या या' ऐकून परत फिरू नका. अशा योजनांत गॅरंटी असते ती पाच-सहा टक्क्यांची. डोक्यावर ४२ टक्क्यांचं कर्ज असलेल्या माणसाच्या ती गळ्यात मारणाऱ्याला काय म्हणावं, ते इथे छापता येणार नाही.

या दोन गोष्टी केल्यात की महिन्याला १८,००० मोकळे होतात. नऊ महिन्यांत एफडीतून काढलेले पैसे भरून निघतील, मुलगी तेव्हा नववीत असेल. रॅकला एक महिना जास्त धरा.

नो-कॉस्ट ईएमआयही फुकट नसतो. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी येते. व्हिंटेजचं म्हणाल तर सुई झिजते, बेल्ट सैल पडतो. विकायला काढा, हाच दुकानदार काय भाव करतो ते बघा. टर्नटेबल वडिलांचा आहे म्हणून ठेवा, ते कारण पुरेसं आहे.

महागड्या रॅकचे टोकदार पाय गालिचा अंथरलेल्या घरांत उपयोगी पडतात. तिथे ते गालिच्यातून आरपार जाऊन खालच्या जमिनीवर घट्ट टेकतात. उघड्या फरशीवर त्या टोकांनी ओरखडे तेवढे उठतील. सुताराला १८ मिमी प्लाय सांगा, पाठ उघडी, ॲम्प्लिफायरच्या वर निदान चार इंच मोकळे. एलपींचा खण आतून तेरा इंच उंच आणि तळाला हवा, शंभर एलपी म्हणजे पंचवीसएक किलो वजन. वरच्या फळीवर कडप्प्याचा तुकडा टाका, पाणसळ लावून टर्नटेबल त्यावर ठेवा. स्पीकर मात्र त्याच रॅकवर नकोत, त्यांची थरथर सुई उचलते.