“काका, मी फक्त फॉरवर्ड केला”

अरे,

काल रात्री तू सोसायटीच्या ग्रुपवर तो “शुक्रवारपासून बँक बंद, पैसे काढून घ्या” वाला मेसेज टाकलास, सकाळी सगळ्यांसाठी डिलीट केलास आणि वर मला लिफ्टमध्ये म्हणतोस काका मी फक्त फॉरवर्ड केला, लिहिला कुठे. तिथे गप्प बसलो, सोबत दूधवाला होता आणि हे चार मजल्यांत सांगून होण्यासारखं नव्हतं.

2019 चा सप्टेंबर आठवतो का, तू शाळेत असशील. पीएमसी बँकेवर आरबीआयने निर्बंध घातले, सुरुवातीला तर सहा महिन्यांत फक्त 1000 रुपये काढायची मुभा. ही बातमी खरी होती, आणि घोळ तिथेच होतो बघ, एक खरी आली की तिच्या पाठीमागून खोट्याही आत घुसतात. त्याच आठवड्यात आरबीआय अमुक अमुक बँका कायमच्या बंद करतेय असा मेसेज फिरला. मी तो आमच्या नौपाड्याच्या जुन्या चाळीच्या ग्रुपवर टाकला, खाली आपलं नेहमीचं “आला तसा पाठवतोय”. 25 तारखेला आरबीआयनेच सांगितलं की हे खोटं आहे. पण तोवर चाळीतल्या मावशी, डबे करायच्या त्या, भर पावसात गोखले रोडवर रांगेत उभ्या राहून आल्या होत्या, पासबुक आणि एफडीची पावती धुतलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून. मुदतीला दोन महिने होते, मोडली, व्याज कापलं गेलं. त्यांच्या बँकेला काही झालेलं नव्हतं. मला म्हणाल्या, “तुम्ही बँकेतले ना, तुम्ही टाकलंत म्हटल्यावर मी कोणाला विचारलंच नाही.” 27 वर्षं कॅशच्या खिडकीत बसलेला माणूस मी! मूळ मेसेज कोणाचा याच्याशी त्यांना काय घेणं, त्यांच्यासाठी तो माझाच.

तुझंही तेच आहे. तू सीए करतोयस हे अख्ख्या बिल्डिंगला माहितीय, रिटर्न कधी भरायचा ते तुलाच विचारतात.

आणि बँकेचं कसं असतं, लोकांचे पैसे बरेचसे कर्जात गेलेले असतात, शाखेत रोकड असते ती रोजच्या देण्याघेण्यापुरती. रोज शंभर लोक येतात तिथे अचानक पाचशे आले की चांगल्या बँकेचीही दुपारी कॅश संपते, मग “कॅश नाही” चा कागद चिकटवतात, आणि त्या कागदाचा फोटो पुढच्या मेसेजला पुरावा म्हणून जोडला जातो. म्हणजे अफवा स्वतःच स्वतःला खरी करून घेते.

आता “काही होत नाही, बिनधास्त राहा” असंही टाकू नकोस हां, ते तुला माहीत नाही. माहीत आहे तेवढंच लिही: आरबीआयच्या साइटवर आज या बँकेबद्दल असं काही नाही, आणि 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराचे 5 लाखांपर्यंत विम्यात येतात, सहकारी बँक असली तरी. पतपेढीला मात्र हे लागू नाही, तेही लिही, लोक दोन्ही एकच समजतात.

डिलीट करून काही होत नाही रे, ज्यांनी वाचलं त्यांनी वाचलं, पुढे पाठवलं ते तर तुझ्या हातातच नाही. त्याच ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिही की मी टाकलेलं चुकीचं होतं. आणि 302 चे आजोबा ग्रुपवर नाहीत, त्यांना सुनेने वाचून दाखवलं, सकाळी नऊला गेटवर रिक्षा बघत होते. घरी आणून बसवलंय, पासबुक मांडीवर आहे, म्हटलं पोरगा स्वतः येऊन सांगेल. दुसऱ्यांदा चहा टाकतोय, लवकर ये.