लीफ डीसीबी हा जुना डिजिटल बॅक संगणकाशिवाय वापरता येईल का?

नाही. डिजिटल बॅक म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीमागे फिल्मच्या जागी बसवायचा, चित्र डिजिटल स्वरूपात टिपणारा भाग. बेळगावातील बंद होणाऱ्या स्टुडिओतून आपण जो बॅक घेऊ पाहत आहात, तो 1990च्या दशकाच्या आरंभीचा असून त्यात मेमरी कार्डाची सोयच नाही. मॅकिंटॉश संगणकाला केबलने जोडल्याखेरीज त्यातून चित्र हाती येत नाही. त्याचा 2048 × 2048 पिक्सेलचा सेन्सर केवळ कृष्णधवल टिपतो, म्हणून लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरचे चक्र भिंगापुढे फिरवून एकाच दृश्याची तीन छायाचित्रे घ्यावी लागतात आणि संगणक ती जुळवून रंगीत चित्र तयार करतो. कुंद्याच्या डब्यासारखी न हलणारी वस्तू त्यात उत्तम येईल. मात्र शहापूरची साडी टांगून पंखा चालू ठेवलात, तर हललेल्या पदराच्या कडेला लाल-हिरव्या रेघा उमटतील. माणसांच्या रंगीत छायाचित्रांचा तर विचारच सोडावा, कारण स्तब्ध बसलेल्याचीही पापणी लवतेच. खानापूर-निपाणीकडच्या लग्नांसाठी हवा असेल, तर मुळीच घेऊ नये. सोबत हॅसलब्लाड या फिल्म कॅमेऱ्याची बॉडी व भिंग मिळत असेल, तरच भावाचे बोलावे. ती फिल्मवर आजही चांगले काम देते.