शार्कसाठी 70-200? घरीच राहू दे

तुम्ही विचारलंय : ‘बेळगावात लग्नाचे फोटो काढतो. मालदीवला टायगर शार्क बघायला जातोय. 24-70 लेन्स नेऊ की 70-200? आणि सेटिंग काय ठेवू?’

दोन्ही नको. शेवटच्या रांगेत उभं राहून स्टेजवरची नवरी जवळ ओढायची आपल्याला सवय, ती पाण्यात नडते. मीही बेळगावच्याच शहापुरात लग्नंच करतो. मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला पहिल्यांदा गेलो, तेव्हा 24-70 हाउसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाणीबंद पेटीच्या, सपाट काचेच्या पोर्टमागं (लेन्ससमोरच्या खिडकीमागं) लावून उतरलो होतो. सात-आठ मीटरवरून एक शार्क गेला. घरी येऊन बघतोय तर निळ्या पडद्यामागं राखाडी डाग. बायको म्हणाली, ‘बाजारातली मोरी यापेक्षा बरी दिसते की!’

दोष कॅमेऱ्याचा नव्हता, मधल्या पाण्याचा होता. पाणी पहिल्यांदा तांबडा रंग खातं, पाचेक मीटरात तो जवळजवळ संपतो. त्यात तुमच्यापासून शार्कपर्यंतचं आडवं अंतरही धरायचं. म्हणजे जनावर दीड-दोन मीटरवर हवं आणि तरी शेपटीसकट फ्रेममध्ये मावायला हवं. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्याला 8-15 फिशआय (खूप रुंद दिसणारी, रेषा वाकवणारी लेन्स) किंवा 16-35, लहान म्हणजे क्रॉप सेन्सरला टोकिना कंपनीची 10-17 फिशआय. फिशआयनं मंगल कार्यालयाचे खांब वाकडे येतात म्हणून आपण ती लावत नाही. समुद्रात खांबच नसतात. टायगर शार्क बऱ्याचदा अगदी जवळ येतो, त्याला फिशआय. लांबूनच जाणाऱ्या लाजऱ्या शार्कला 16-35.

पोर्ट घुमटाचाच घ्या. सपाट काचेमागं 24 ची लेन्स पाण्यात जवळपास 32 सारखी वागते, रुंदी गेलीच. घुमटामागं मात्र उघड्या ॲपर्चरला कोपरे पुसट होतात, म्हणून f/8 च्या खाली उतरू नका.

सेटिंग : मॅन्युअल, 1/200, f/8, आयएसओ 400, रॉ (कॅमेऱ्याची मूळ फाइल), फोकस कंटिन्युअस. मागचं पाणी काळं आलं तर शटर 1/125 करा, पांढरट आलं तर आयएसओ उतरवा. शटर आणि फ्लॅशची वेळ जुळावी लागते (सिंक), त्यामुळं शटर फार वर नेता येत नाही. शार्कवरचा उजेड स्ट्रोबच्या, म्हणजे पाण्यातल्या फ्लॅशच्या, पॉवरनं सांभाळायचा, आणि ती कमीच ठेवा. पोट पांढरं असतं, नवरदेवाच्या शेरवानीसारखं एका झटक्यात जळतं, नुसता पांढरा डाग उरतो.

स्ट्रोब कुठं ठेवायचे हे मला चोर्ला घाटानं शिकवलं. पावसाळ्यात धुक्यात हाय बीम लावला की समोर नुसती पांढरी भिंत. पाण्यातल्या कणांचंही तसंच होतं. म्हणून स्ट्रोबचे हात दोन्ही बाजूंना लांब पसरा, तोंडं किंचित बाहेर वळवा. शार्क तीन मीटरच्या पलीकडं असेल तर स्ट्रोब बंदच बरे. तेव्हा 1/250 आणि ऑटो आयएसओ, रंग नंतर रॉमध्ये बघू. व्हेल शार्क भेटला तर फ्लॅश वापरूच नका.

पाठलाग केला की शार्क वळून जातो आणि तुमच्याकडं शेपटीचेच फोटो राहतात. गाईड सांगेल तिथं थांबा, येऊ दे. फ्रेम धरताना श्वास रोखायचा नाही, स्कूबात ते फुप्फुसाला धोक्याचं आहे. डाइव्ह मोजक्याच झाल्या असतील तर स्पष्ट सांगतो, यंदा ॲक्शन कॅमेरा न्या. मोठं हाउसिंग सांभाळायचं की स्वतःला, असं होतं.

नेणारच असाल तर आधी विहिरीत सराव करा. मी खानापूरजवळ मामांच्या विहिरीत भाच्याला पांढरा बनियन घालून उडी मारायला लावायचो आणि खालून वर फोटो काढायचो. बनियन जळला की पॉवर कमी, पुन्हा उडी. पण त्याच्याही आधी हाउसिंग कॅमेरा न घालताच बुडवून अर्धा तास ठेवा. माझ्या ओ-रिंगखाली (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याखाली) टॉवेलचा एक धागा राहिला होता, डोळ्यालाही दिसला नव्हता. नशीब, आत कॅमेऱ्याऐवजी टिश्यू पेपर घातला होता. वर काढला तेव्हा त्याचा लगदा झालेला.