अमेरिकन कवी लाँगफेलोची ‘इव्हँजेलिन’ ही दीर्घकविता अकेडियन हद्दपारीचा इतिहास म्हणून वाचली तर चालेल का?

नाही, इतिहास म्हणून नको. 1755मध्ये ब्रिटिशांनी नोव्हा स्कोशियातल्या (आजच्या कॅनडातल्या) फ्रेंच भाषिक अकेडियन लोकांना हद्दपार केलं हे खरं, पण इव्हँजेलिन आणि गॅब्रिएल ही पात्रं काल्पनिक आहेत. कविता आली 1847मध्ये, आणि ती जिथे घडते ते ग्राँ-प्रे हे अकेडियन गाव लाँगफेलोने कधी पाहिलंही नव्हतं. त्याची भिस्त मुख्यतः हॅलिबर्टनच्या नोव्हा स्कोशियाच्या इतिहासावर होती. कवितेच्या सोयीसाठी त्याने काळ आवळला आहे: चर्चमध्ये राजाचा हुकूम ऐकवल्यावर पाचव्या दिवशी लोकांना किनाऱ्यावर नेतात आणि त्याच रात्री गाव पेटतं. प्रत्यक्षात हुकूम 5 सप्टेंबरला वाचला गेला आणि माणसं जहाजांवर चढवायला सुरुवात झाली 8 ऑक्टोबरला. माझ्या मते त्याहून मोठी गफलत दोषाची आहे. कवितेत सगळं खापर दूरच्या इंग्रज राजाच्या माथी जातं. हुकूम वाचून दाखवणारा लष्करी अधिकारी जॉन विन्स्लो मात्र मॅसॅच्युसेट्सचा, म्हणजे कवी जिथे राहत होता तिथलाच, आणि त्याचे बरेच सैनिकही न्यू इंग्लंडचे, म्हणजे अमेरिकेतल्या त्याच भागातले. हे कविता सांगत नाही.

एक मात्र आहे: या कवितेचा परिणाम स्वतःच इतिहासाचा भाग झाला. अकेडियन लोकांनी इव्हँजेलिनला आपलं मानलं. 1920मध्ये ग्राँ-प्रेला तिचा पुतळा उभा राहिला, म्हणजे जी बाई कधी नव्हतीच तिचा! त्यामुळे हद्दपारीची आठवण पुढे कशी घडत गेली हे पाहायचं असेल, तर ही कविता वाचायलाच हवी. ओळीत सहा गण असलेला हा छंद (हेक्झामीटर) थोडा रेंगाळतो, तेवढी तयारी ठेवा.