झिजलेल्या कबरी, तुटलेली वंशावळ

प्रश्न : रोह्याजवळच्या गावी आमच्या बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी ज्यू) घराण्याच्या अठरा कबरी आहेत. अक्षरं पुसट झालीत. तारेच्या ब्रशनं घासू का? वंशावळ कशी जुळवू?

उत्तर : आधी तो तारेचा ब्रश घरी ठेवा! साधं पाणी, मऊ कुंचला पुरे. फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा. सावली असेल तर आरशानं कवडसा पाडा. माझ्या पणजीचं नाव असंच उमटलं. मराठीत शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेरचा मृत्यू असेल तर ७९. हिब्रू वर्षातले पाच हजार बहुधा गाळलेले असतात : ६८० दिसलं तर १२४० मिळवून १९२०, पण तिश्री (हिब्रू वर्षाचा पहिला महिना, सप्टेंबर-ऑक्टोबर) ते डिसेंबरमधला मृत्यू असेल तर १९१९. रोहेकर, पेणकर ही आडनावं गावांवरून पडलेली, त्यांवर नातं ठरवू नका. ‘बेन’ (मुलगा) किंवा ‘बत’ (मुलगी) या हिब्रू शब्दानंतरचं बापाचं नाव शोधा. कबरींना नंबर देऊन हातानं नकाशाही काढा.